बुडालेलें आणि हरवलेलें

मराठींत 'बुडणें' हें क्रियापद फार कामाचें आहे. माणूस पाण्यांत बुडतो, सूर्य बुडतो, सावकाराचे पैसे बुडतात, मुलाची शाळा बुडते आणि कर्त्या पुरुषाच्या मागें एखादें सबंध घराणें बुडतें. ह्या प्रत्येक ठिकाणीं कांहींतरी दृष्टीआड होतें, परंतु नुकसान मात्र एकाच जातीचें नसतें. सूर्य उद्यां वर यावयाचा असतो; शाळा दुसऱ्या दिवशीं पुन्हां भरते; पैशांच्या बाबतींत 'बुडाले' म्हणणारा आणि 'बुडविले' म्हणणारा यांचें मात्र पटत नाहीं. पहिला दैवाला बोल लावतो, दुसरा माणसाला. वैयाकरण ह्याला मूळ क्रियापद व प्रयोजक क्रियापद असें म्हणून मोकळे होतात. पण माझ्या मतें अर्धेंअधिक नीतिशास्त्र ह्या दोन रूपांमधल्या अंतरांत राहतें. 'हरवणें' हें तिसरेंच. हरवलेली वस्तु कोठें आहे हें कोणासच ठाऊक नसतें. बुडालेली वस्तु कोठें आहे हें पुष्कळदां चांगलें ठाऊक असतें, फक्त ती हातीं लागत नाहीं. हरवलेलें शोधावें लागतें. बुडालेल्याला शोधण्याची भाषा लावतांना मात्र माणसानें क्षणभर थांबावें असें मला वाटतें, आणि कां वाटतें तें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यांत परदेशांतून सुटीवर आला होता. मुलगा हुशार, नोकरी चांगली, शरीर व्यायामानें कमावलेलें. तिकडे त्याला एका खेळाचा नाद लागला आहे. भेटीअंतीं निघतां निघतां तो म्हणाला, "सर, उजनीच्या पाण्यांत खालीं पाहण्यासारखें काय काय आहे? एवढा मोठा जलाशय. एखादी जुनी नाव, एखादें देऊळ, एखादा वाडा असेलच. कोणीं नीट शोधलेलें दिसत नाहीं. बुडी मारण्याजोग्या जागा शोधून काढाव्यात असा विचार आहे." त्याच्या प्रश्नांत वाईट कांहींच नव्हतें. तरीहि त्याला उत्तर देण्यास मला बरेच दिवस लागले.

प्रथम त्या खेळाविषयीं. 'फ्री-डायव्हिंग' ह्या नांवानें तो आतां बहुतेक देशांत रूढ झाला आहे. पाठीवर हवेचीं नळकांडीं न बांधतां, छातींत मावेल तेवढा एकच श्वास भरून घ्यावयाचा आणि त्याच्या बळावर जेवढें खोल जातां येईल तेवढें जाऊन परत यावयाचें, असें त्याचें स्वरूप. 'एका दमाची बुडी' म्हटलें म्हणजे आपल्याकडे कोणालाहि समजेल. विहिरींत पैसा टाकून तो तळावरून वर आणण्याचा खेळ खेड्यांतल्या पोरांनीं पिढ्यान् पिढ्या खेळलेला आहे. फरक इतकाच कीं, त्या पोरांच्या खेळाला आतां शास्त्राची जोड मिळाली आहे. चेहऱ्याला गार पाणी लागतांच हृदयाचे ठोके मंदावतात. हातापायांकडलें रक्त आंखडून छातीकडे आणि मेंदूकडे वळतें. दहा मीटर खालीं गेलें म्हणजे दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि फुप्फुसांतली हवा निम्म्या जागेंत मावूं लागते. त्याच्याहि खालीं अशी एक पायरी येते कीं तेथें शरीराची तरंगण्याची ओढ संपते आणि कांहीं न करतां तें आपोआप खालीं उतरूं लागतें. गोडें पाणी माणसाला समुद्रापेक्षां कमी तोलून धरतें, म्हणून सरोवरांत ही पायरी लौकर येते. ज्यांनीं ती अनुभवली आहे ते तिचें वर्णन समाधीच्या भाषेंत करतात. आमच्याकडील कुंभकाचा अभ्यास करणाऱ्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

पण ह्या समाधीचा परतीचा रस्ता धोक्याचा आहे. गुदमरल्याची जी जाणीव आपल्याला होते ती प्राणवायु संपल्यामुळें होत नाहीं, तर कार्बन डायऑक्साइड सांचल्यामुळें होते. म्हणून बुडीपूर्वीं भराभर श्वास घेऊन तो वायु बाहेर टाकणारा मनुष्य स्वतःचीच फसवणूक करीत असतो. वर येतांना दाब उतरत जातो, तसा शरीरांत उरल्यासुरल्या प्राणवायूचा जोरहि उतरतो, आणि सूर्याचा उजेड दिसूं लागला, पृष्ठभाग हातभर राहिला, अशा वेळीं शुद्ध हरपते. म्हणून ह्या खेळाचा पहिला नियम असा कीं एकट्यानें कधींहि उतरावयाचें नाहीं. एक खालीं असतां दुसऱ्यानें वर राहून डोळ्यांत तेल घालून पाहत राहावें. मला हा नियम फार आवडला. खोल जाण्याचा अधिकार कांठावर कोणीतरी जागें असल्यावांचून मिळत नाहीं, असें जो खेळ पहिल्याच दिवशीं शिकवितो, त्याला उथळ म्हणतां यावयाचें नाहीं.

पोटासाठीं अशा बुड्या मारणारे लोक जगांत फार जुने आहेत. जपानच्या किनाऱ्यावरील आमा नांवाच्या बायका, मन्नारच्या आखातांतले मोतीं काढणारे, हीं उदाहरणें सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या सोलापूर-पंढरपुराकडे मात्र 'बुडी मारणारा' म्हटलें कीं एकच चित्र डोळ्यांपुढें येतें. नदींत कोणी बुडालें म्हणजे ज्याला हांक मारतात तो भोई. लोक कांठावर उभे, बायकांचा आक्रोश चाललेला, आणि तो एकटा पुन्हां पुन्हां गढूळ पाण्यांत शिरून हातानें चांचपीत असतो. त्याला तेथें पाहावयाचें कांहींच नसतें. मिळूं नये असें ज्याविषयीं वाटतें तेंच त्याला शोधावयाचें असतें. खेळाची बुडी आणि ही बुडी ह्यांत शरीर तेंच, श्वास तोच, पाणीहि तेंच.

आतां बुडालेल्या जहाजांविषयीं. उत्तर अमेरिकेंत पांच विस्तीर्ण गोड्या सरोवरांची एक मालिकाच आहे आणि त्यांच्या तळाशीं शेंकडों नौका पडून आहेत. त्या टिकल्या याचें कारण असें कीं समुद्रांत लांकूड पोखरणारा जो किडा असतो तो गोड्या पाण्यांत जगत नाहीं, आणि तेथील पाणी खोलवर बाराहि महिने अतिशय थंड असतें. ह्यूरन सरोवराच्या कांठीं टोबरमोरी म्हणून एक बंदर आहे. तेथें 'स्वीपस्टेक्स' नांवाची दोन डोलकाठ्यांची एक नौका १८८५ सालीं बुडाली. ती १८६७ सालीं बांधलेली; आज सुमारें वीस फूट पाण्याखालीं ती अशी उभी आहे कीं कांठावरच्या होडींतूनहि तिचा आकार दिसावा. एका दमाची बुडी मारणाऱ्यांचें तें तीर्थक्षेत्रच होय. गंमत अशी कीं अलीकडे त्या सरोवरांचें पाणी पूर्वीपेक्षां पुष्कळ नितळ झालें आहे, आणि तें ज्यांनीं नितळ केलें ते लहान लहान शिंपले, मालवाहू जहाजांच्या पोटांतल्या पाण्याबरोबर १९८० नंतरच्या दशकांत परक्या मुलखांतून तेथें आले. त्यांनीं पाणी गाळून स्वच्छ केलें म्हणून बुडालेलीं जहाजें दिसूं लागलीं, आणि तेच शिंपले त्या जहाजांवर थरच्या थर चढून तीं झांकूं व खाऊं लागले. दिसण्यांत आणि नाश पावण्यांत किती थोडें अंतर असतें!

पण ह्याच सरोवरांत सुपीरिअरच्या तळाशीं 'एडमंड फिट्झेराल्ड' नांवाचें एक मालवाहू जहाज आहे. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळांत तें बुडालें आणि वरचे एकोणतीसच्या एकोणतीस लोक गेले. एकाचेंहि शव हातीं लागलें नाहीं. कांहीं वर्षें लोक यंत्रें घेऊन तेथें उतरत राहिले, चित्रें घेत राहिले. तेव्हां मृतांचे नातेवाईक म्हणूं लागले कीं ही आमची स्मशानभूमि आहे. अखेर १९९५ च्या जुलैंत त्यांच्या इच्छेनें त्या जहाजाची घंटा वर काढण्यांत आली, आणि तिच्या जागीं एकोणतीस नांवें कोरलेली दुसरी घंटा खालीं नेऊन ठेवण्यांत आली. पुढें कॅनडाच्या आँटारिओ प्रांतानें परवान्यावांचून तेथें उतरण्यास बंदी केली. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली. आषाढांतल्या त्या दिवसाची आठवण कोंकणांतल्या कित्येक घरांत आजहि निघते. एखाद्या हौशी माणसानें उद्यां तिचे अवशेष 'शोधून काढल्याची' बढाई मारली, तर त्या घरांतल्या माणसांना काय वाटेल हें सांगावयास नको.

एवढें झाल्यावर कोणी म्हणेल, मग प्रश्न सोपा आहे. माणसें मेलीं तेथें जाऊं नये, मेलीं नाहींत तेथें खुशाल जावें. 'स्वीपस्टेक्स'ला हा नियम पुरतो. उजनीला पुरत नाहीं.

उजनीचें धरण माढें तालुक्यांत भीमेवर आहे; १९८० सालीं तें पुरें झालें. त्याच्या मागें जो यशवंतसागर पसरला आहे तो सोलापूर, पुणें आणि अहिल्यानगर ह्या तीन जिल्ह्यांत शिरलेला आहे. पूर्ण भरल्यावर त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी राहतें. पण त्यांतलें निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें ६४ अब्ज घनफूट, 'मृत साठा' आहे. इंजिनिअरांनीं हा शब्द कोठून काढला कोण जाणे. त्यांना काव्याची हौस होती असें वाटत नाहीं. धरणाच्या दारांतून बाहेर न पडणारें पाणी तें मृत, आणि त्याच्यावरचें तें उपयुक्त. विशेष हा कीं ह्या उपयुक्त पाण्याची उंची सहा मीटरहि नाहीं. एवढ्या प्रचंड पसाऱ्यांत आमचा सगळा ऊंस, आमचे कारखाने, आमचें पिण्याचें पाणी, हें सर्व त्या वरच्या सहा मीटरांवर चालतें. कडक उन्हाळ्यांत तेवढेंहि संपलें म्हणजे वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असें छापून येतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत तो आंकडा उणे साठाच्या जवळ गेला होता.

जुळे सोलापुरांत राहणाऱ्याला हा आंकडा तोंडपाठ असतो. आमच्याकडे नळाला पाणी कांहीं दिवसांआड येत आलें आहे. तें ज्या दिवशीं येतें त्या दिवशीं घरांतलीं सगळीं भांडीं हंडे-कळशांसह सज्ज असतात. सोलापूर हें मुळांतच तहानलेलें गांव. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं तळें खोदविलें म्हणून तर त्यांना ग्रामदैवताची पदवी मिळाली. इंग्रजांच्या अमदानींत १८७१ सालीं हिप्परग्याचा एकरूख तलाव झाला. आणि आतां दूरवरच्या उजनीहून नळानें पाणी येतें. आमच्या वसाहतीच्या नांवांतला 'जुळे' हा शब्द मला उजनीच्या संदर्भांत नेहमीं आठवतो, कारण त्या कांठावरचीं कित्येक गांवेंहि जुळीं आहेत. एक गांव वर, माळावर, सडकेच्या बाजूला, सरळ गल्ल्यांचें. आणि त्याच नांवाचें दुसरें खालीं पाण्यांत. पुणें-सोलापूर रस्त्यावर पळसदेव लागतें तें वरचें. खालचें पळसदेव भीमेच्या जुन्या कांठावर होतें; तेथील पळसनाथाचें दगडी देऊळ पाण्यानें वेढलेलें असतें, आणि पाणी फारच उतरलें म्हणजे आधीं शिखर, मग मंडप, मग पायऱ्या अशा क्रमानें तें वर येतें. गांवकऱ्यांनीं देव वर आणला आहे; देऊळ आणणें शक्य नव्हतें.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें शब्दशः उत्तर असें: उजनीच्या तळाशीं जहाज नाहीं. तेथें शेताचे बांध आहेत, आड आहेत, चावडीचे चौथरे आहेत, देवळें आहेत, घरांच्या भिंतींचे पाये आहेत. वासे आणि दारें ज्याला शक्य झालीं त्यानें काढून नेलीं, दगड राहिले. आणि ह्यांपैकीं कोणतीहि जागा 'शोधून काढण्याची' सोय नाहीं, कारण ती कधीं हरवलेलीच नव्हती. प्रत्येक तुकड्याला एक गट-नंबर होता, त्याचा सातबारा होता, त्याच्यावर कोणाचें तरी नांव होतें. ज्यानें त्या आडाचें पाणी ओढलें तो आज वरच्या गांवांत ओसरीवर बसलेला आहे. त्याला वगळून खालीं उतरणारा मनुष्य जर म्हणेल कीं मीं हा आड शोधला, तर तें म्हणणें खोटें ठरेल. मनुष्य खोटें बोलण्याच्या हेतूनें बोलला नसला तरी ठरेल.

येथें प्रयोजक क्रियापद आठवावें. 'फिट्झेराल्ड' बुडालें, हीं गांवें बुडविलीं. कोणीं? सरकारनें, असें म्हणून आपण सुटूं पाहतों. पण सरकारनें तीं स्वतःच्या करमणुकीसाठीं बुडविलीं नाहींत. दुष्काळी मुलखाला पाणी पाहिजे होतें. त्या मुलखांत माझें घर आहे, आणि त्या नळाचें पाणी मी पितों. मी कांहीं त्या निर्णयाचा निषेध करण्यासाठीं हें लिहीत नाहीं. सोलापूर जिल्ह्याचा इतिहास जो जाणतो त्याला धरण नको होतें असें म्हणण्याचें धाडस होणार नाहीं. (ह्या पाण्यावर किती ऊंस लावावा हा प्रश्न वेगळा, आणि त्यावर आमच्याकडे सभ्य माणसांचींहि भांडणें होतात). मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं ज्याच्या तहानेसाठीं एखादी वस्तु बुडविली गेली त्यानें ती वस्तु पाहावयास जाणें आणि एखाद्या तिऱ्हाइतानें जाणें ह्या दोन गोष्टी सारख्या नाहींत. तिऱ्हाइताला फार तर उद्धट म्हणतां येईल. पण ज्यानें कर्ज घेतलें आहे तो धनकोच्या मोडक्या वाड्याची शोभा पाहत हिंडूं लागला, तर त्याला काय म्हणावें?

ह्यावर आक्षेप येईल तो मीच मांडतों, कारण तो जोरदार आहे. अशा रीतीनें विचार केला तर जगांतलें कोणतेंहि जुनें पाहतां येणार नाहीं. प्रत्येक किल्ला वेठीनें बांधलेला, प्रत्येक शहर कोणाच्या तरी शेतावर वसलेलें. हिप्परग्याच्या तलावाखालींहि कोणाची तरी जमीन गेलीच असेल. तेथें आज कोणी त्याचा विचार करतो काय? आपण पक्षी पाहावयास जातों. मग प्रश्न फक्त काळाचाच ना? युनेस्कोच्या २००१ च्या करारानें पाण्याखालच्या वारशाची मर्यादा शंभर वर्षें धरली आहे. म्हणजे शंभर वर्षें उलटलीं कीं दुःख संपून इतिहास सुरू होतो असें समजावें काय?

कायद्याला एक आंकडा लागतोच. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण माझ्या मनाला पटणारी खूण दुसरी आहे. गोव्यांत सांगें तालुक्यांत कुर्डी नांवाचें गांव होतें, थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर ज्या गांवच्या तें. साळावलीच्या धरणांत तें गांव ऐंशीच्या दशकांत गेलें. दर वर्षीं मे महिन्यांत पाणी ओसरतें, भेगाळलेली जमीन वर येते, आणि दूर दूर विखुरलेले लोक त्या दिवसांत परत येतात. सोमेश्वराचा उत्सव होतो. ख्रिस्ती कुटुंबें आपल्या प्रार्थनास्थळाचा सण करतात. आपल्या घराच्या जागेवर उभें राहून म्हातारीं माणसें नातवंडांना सांगतात कीं येथें चूल होती. अलीकडे त्यांच्याबरोबर बाहेरचे लोकहि चित्रें घेण्यासाठीं येऊं लागले आहेत. दोघेहि तेच दगड पाहतात. आणि तरीहि जोंवर पहिल्या प्रकारचा एक मनुष्य तेथें दिवा लावावयास येत आहे, तोंवर दुसऱ्या प्रकारच्या माणसानें त्या जागेला पुराण वस्तु समजूं नये, एवढें मला वाटतें. बंदीचें नांव मी काढीत नाहीं. देवळांत पूजा चालली असतां परका माणूस बाजूला उभा राहतो. त्याला कोणी हांकलीत नाहीं, पण आधीं कोणाचें हें त्याला कळतें. तेवढें कळणें पुरे.

उजनीच्या बाबतींत तर ह्याहून विचित्र गांठ पडली आहे. ज्या दिवशीं आंकडा उणे होतो त्या दिवशीं सोलापुरांत आमचे चेहरे उतरतात. त्याच दिवशीं वरच्या पळसदेवांतला म्हातारा खालच्या देवळाच्या वाटेकडे पाहूं लागतो. आमचा दुष्काळ तें त्याचें दर्शन. जुलै-ऑगस्टांत सह्याद्रींत पाऊस होतो, भीमा भरून येते, आम्ही एकमेकांना आनंदानें आंकडे सांगतों, आणि त्याचें गांव दुसऱ्यांदा, पंचविसाव्यांदा, चाळिसाव्यांदा बुडतें. कोणत्याहि नीतिशास्त्राला हे दोन आनंद एका तराजूंत घालतां येतील असें मला वाटत नाहीं. निदान दुसरा आनंद अस्तित्वांत आहे हें पहिल्याला माहीत असावें.

मराठी मनाला बुडण्याची सर्वांत परिचित कथा तुकोबांच्या वह्यांची. इंद्रायणींत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनीं वर आल्या अशी श्रद्धा आहे. तीच इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते आणि तें पाणी पुढें उजनींत येतें. परंतु ह्या कथेचा एक विशेष आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. वह्यांच्या शोधासाठीं कोणी पाण्यांत उतरलें नाहीं. ज्याच्या वह्या होत्या तो कांठावर उपाशी बसून राहिला. ह्याच्या उलट महाभारतांतला दुर्योधन. सगळी सेना मेल्यावर तो द्वैपायन डोहांत शिरला, मायेनें पाणी थिजवून आंत लपला. त्याचा ठावठिकाणा पांडवांना कोणीं दिला? भीमसेनाला मांस पोंचविणाऱ्या व्याधांनीं, बक्षिसाच्या आशेनें. त्या व्याधांनीं खोटें कांहींच सांगितलें नाहीं. एक जागा ठाऊक झाली आणि ती त्यांनीं दुसऱ्याला कळविली, एवढाच त्यांचा अपराध. बुडालेल्या जागेचा पत्ता जाहीर करणें ही गोष्ट किती निर्दोष दिसते आणि किती क्वचित् निर्दोष असते, ह्याचें एवढें जुनें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं. अमेरिकेंतल्या सरोवरांवर कांहीं शोधक नवी जागा सांपडली तरी ती गुप्त ठेवतात, तें उगीच नव्हे. पत्ता फुटला कीं पाठोपाठ घंटा, चाकें, होकायंत्रें चोरीस जातात. एका दमाच्या बुडीच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं तिच्यांत हात रिकामे असतात. एका श्वासांत माणूस पाहूं शकतो, लुटूं शकत नाहीं.

हें सर्व त्या मुलाला सांगितलें तेव्हां तो रागावला नाहीं. मीं त्याला एवढेंच सुचविलें कीं पाण्यांत उतरण्यापूर्वीं कांठावर जा आणि खालीं काय आहे तें ज्याचें होतें त्याला विचार. तो गेला. पाणीहि त्यानें पाहिलें: हिरवें, शेवाळलेलें, हातभर पलीकडचें न दिसणारें. पुण्या-पिंपरीसारख्या शहरांचें सांडपाणी भीमेच्या खोऱ्यांतून येऊन त्यांत मिसळतें. वर मासेमारीचीं जाळीं जागोजाग पसरलेलीं. असें पाणी एका श्वासावर उतरण्याच्या लायकीचें नाहीं हें त्याच्या तेव्हांच लक्षांत आलें. ह्याच जलाशयांत २१ मे २०२४ रोजीं करमाळें तालुक्यांतल्या कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतल्या कळाशीकडे निघालेली होडी वावटळींत उलटली. सहा जण गेले, एकजण पोहून तीराला लागला. ती माणसें सहलीला निघालेलीं नव्हतीं. सडकेनें फार मोठा वळसा पडतो म्हणून तेथील लोक होडीनें पलीकडे जात. जुन्या वाटा पाण्याखालीं गेल्या; पैलतीरावरचीं नातीं आणि कामें राहिलीं.

कांठावर त्याला एक वृद्ध गृहस्थ भेटले. पोहण्याचें शिक्षण घेतलेला मुलगा आहे असें कळल्यावर त्यांनीं काठीनें जमिनीवर रेघा ओढून आपली आळी काढून दाखविली. आडाच्या कठड्यावर एका दगडांत त्यांच्या आज्याचें नांव कोरलेलें होतें, तें अजून आहे कीं नाहीं हें पाहतां आलें तर बरें, असें सहज म्हणाले. मुलगा लगेच तयार झाला. आतां त्याच्या बुडीला कारण मिळालें होतें. पाहण्याची परवानगी खुद्द मालकानें दिली होती. मला विचारलें असतें तर मीहि कदाचित् हो म्हटलें असतें, कारण माझ्या सगळ्या युक्तिवादाचा रोख त्याच दिशेला होता. पण तेवढ्यांत म्हातारे स्वतःच म्हणाले, "नको लेकरा. दगडासाठीं जीव पाण्यांत घालायचा नाही. तुझी आई वाट बघत असंल." नीतीचें जें सूत्र मला सांपडत नव्हतें तें त्यांनीं असें जातां जातां बोलून टाकलें, आणि तंबाखू मळूं लागले.

मग तो मुलगा पाण्यांत उतरलाच नाहीं. सुटीचे उरलेले दिवस त्यानें वही घेऊन त्या ओसरीवर घालविले, आणि परत जातांना ती वही माझ्याकडे देऊन गेला. गांव उठलें तेव्हां जे विशीचे होते ते आज पासष्टीच्या पुढें आहेत. त्यांच्या डोक्यांतला नकाशा कोणत्याहि मोजणी-कचेरींत नाहीं. सातबाऱ्यांत जमिनीची हद्द असते, पण कोणत्या लिंबाखालीं पोळ्याचे बैल उभे करीत हें त्यांत नसतें. आमच्या महाविद्यालयांतलीं दोन मुलें आतां रविवारीं तिकडे जातात. आतांपर्यंत दोन आळ्या, एक चावडी, मारुतीचा पार आणि एक आड एवढें वहींत उतरलें आहे. आडाच्या जागेविषयीं मात्र दोन म्हाताऱ्यांचें अजून एकमत झालेलें नाहीं. एक म्हणतात पाराच्या उगवतीला, दुसरे म्हणतात मावळतीला, आणि दोघेहि शपथेवर सांगावयास तयार आहेत.